प्रकाशाची ओंजळ

दुर्बीण म्हणजे लहान दिसणारी वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. दुर्बिणीचे खरे काम ओंजळीचे आहे. गडद अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर रुंदावते. तमिळनाडूतील कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा आरसा 2.34 मीटर व्यासाचा आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो डोळ्यापेक्षा लाखाहून अधिक पट प्रकाश झेलतो. शिवाय डोळा आलेला प्रकाश क्षणात विसरतो. दुर्बिणीला जोडलेला संवेदक तो तासन् तास साचवत राहतो. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूभोवतीचे चार चंद्र दिसले, ते अशाच एका लहानशा ओंजळीतून.

ही ओंजळ दृश्य प्रकाशाचीच असावी, असेही नाही. उटीच्या डोंगरउतारावर 1970 साली गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे. तो उतार सुमारे 11 अंशांचा, म्हणजे तेथील अक्षांशाइतकाच. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो आणि एकाच आसाभोवती तिला फिरवून आकाशातील स्रोताचा मागोवा तासन् तास घेता येतो. डोंगरालाच यंत्राचा भाग करून घेणारी ही बुद्धी मला एखाद्या उत्तम कवितेइतकी मोहवते.

पुढे स्वरूप यांनीच पुणे जिल्ह्यात खोडदजवळ प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण साकारली. चौदा तबकड्या मध्यभागी; उरलेल्या सोळा तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात. तबकडीला भरीव पत्रा नाही, बारीक तारांची जाळी आहे. वारा तिच्यातून निघून जातो. हातभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ती अखंड भिंतीसारखी भासते. नारायणगावाहून तिकडे जाताना शेतमळ्यांच्या वर त्या तबकड्या दिसू लागतात, आणि जवळ पोहोचल्यावर पहिली सूचना मिळते ती मोबाइल बंद करण्याची. देवळात पादत्राणे उतरवावीत तसा मी तो बंद केला होता. त्या सूचनेचे मोल मला पुढे उमगले.

याच दुर्बिणीने टिपलेल्या, 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या संकेताचा शोध 2023 च्या जानेवारीत जाहीर झाला. निघताना 21 सेंटिमीटर असलेली ती लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन 48 सेंटिमीटरची झाली होती. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने तिला सुमारे तीसपट तेज दिले, म्हणूनच ती सापडली. जणू निसर्गानेच मध्ये एक भिंग धरले.

त्या लहरीची जवळजवळ अर्धी वाट सरली, तेव्हा कुठे पृथ्वी जन्माला आली. उरलेल्या अर्ध्या वाटेत येथे समुद्र झाले, जीव झाले, डोळे झाले, आणि अखेर तिला झेलणारी जाळीही विणली गेली. इतका प्रवास करून आलेला तो क्षीण संकेत खिशातल्या एका यंत्राच्या कलकलाटात बुडू शकतो, हे मला अस्वस्थ करते. शहरांच्या दिव्यांनी आपण तारे पुसले. आता शांतताही पुसत आहोत. ओंजळ कितीही मोठी केली, तरी ती आधी रिकामी असावी लागते.