ब्रायटन ते रिचमंड

मेलबर्न शहरी आमचे काही दिवस वास्तव्य झाले, तेव्हा ब्रायटनहून शहराकडे जाणाऱ्या आगगाडीत आम्ही वारंवार बसत असू. एका टोकास पोर्ट फिलिप उपसागराचा रम्य किनारा व सधनांची बागाबगीच्यांची घरे. आणि थोड्या वेळाच्या प्रवासानंतर यारा नदीकाठचे रिचमंड. आज रिचमंडातही घरांस मोठी किंमत येते. परंतु शतकापूर्वी तेथे कातडी कमावण्याचे कारखाने आणि मजुरांची दाट वस्ती होती. या मार्गावरून गेलेल्या एका मुलाची कथा वाचकांस सांगावीशी वाटते.

जोसेफ लेस्ली थिओडोर टेलर याचा जन्म २९ जून १८८८ रोजी ब्रायटन येथे झाला. वडील बेंजामिन हे घोडागाड्या बांधण्याचा धंदा करीत. त्या वर्षी मेलबर्नात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते आणि कर्ज काढून जमिनी घेण्याचे वेड शहरास लागले होते. पुढे भाव कोसळले. १८९३ साली एकामागून एक बँकांनी दारे लावली. त्याच वर्षी धनकोंनी टेलरांचा धंदा विकावयास लावला व कुटुंबाचे बिऱ्हाड रिचमंडास आले. मूल तेव्हा अवघे चार-पाच वर्षांचे होते.

व्हिक्टोरिया प्रांतात १८७२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे व मोफत झालेले होते. परंतु कायदा मुलास बाकावर बसवितो. शाळा सुटल्यावर त्याची संगत ठरवीत नाही. जवळच्या कॉलिंगवुडात जॉन रेन याचा बेकायदा जुगाराचा अड्डा १८९३ पासूनच चालू होता. लहानखुऱ्या अंगाच्या टेलरास तट्टांच्या शर्यतींत स्वार होण्याची हौस लागली. तेथे त्याने नावही कमावले. पण अठराव्या वर्षी मारहाणीबद्दल शिक्षा झाली, आणि १९०८ साली घड्याळ व साखळी चोरल्याबद्दल दोन वर्षांची कैद. एका अधू डोळ्यावरून पडलेले ‘स्क्विझी’ हे नाव पुढे साऱ्या शहरास धास्तीचे झाले. २७ ऑक्टोबर १९२७ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, कार्लटन येथे प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या गोळीबारात तो मेला.

दारिद्र्यानेच त्यास चोर केले, असे आम्ही म्हणणार नाही. रिचमंडात सहस्रावधी कुटुंबे तितकीच दरिद्री असून घामाची भाकरी खात होती. तथापि गाडी रिचमंडास थांबली, की आम्हांस आमचा हजेरीपट आठवे. घर कर्जात गेल्यामुळे पटावरून कमी झालेली नावे आम्ही तांबड्या शाईने खोडली; त्यांपैकी किती मुलांच्या नव्या बिऱ्हाडी आम्ही चौकशीस गेलो? एकाही नाही.

एकत्र कुटुंबात एकाचा धंदा बुडाला, तर चुलत्याचा हात मुलाच्या पाठीवर राहतो. तो हात आखडू लागला असेल, तर वाचकहो, तो वेळीच पुढे करावा, एवढेच या प्रवासाचे आमचे फलित.