परसों म्हणजे केव्हा?

चिपळूणहून हैदराबादला निघायचं तर आधी कुंभार्ली घाट चढावा लागतो. आम्ही दोघं एस.टी.ने कराडमार्गे पुण्याला आलो आणि तिथून रात्रीच्या रेल्वेत बसलो. पिशवीत काजू, कोकम आणि आंबापोळीचे डबे होते. मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याच्यासाठी हैदराबादच्या जुन्या शहरातलं एक स्थळ आलं होतं. फोनवर सगळं बोलणं झालेलं, आता घरच्यांना भेटून बात पक्की करायची होती.

भाषेची मला मुळीच चिंता नव्हती. आमच्या घरात कोकणी बोलतात, बाजारात मराठी, आणि शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. आमचे हे तर उर्दू शाळेतूनच मास्तर म्हणून निवृत्त झाले. विद्यार्थ्यांचं शीन-काफ दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आणि हैदराबाद म्हणजे उर्दूचं शहर. 1918 साली जिथं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं, तिथल्या माणसांची भाषा आपल्याला कळणार नाही, असं कसं होईल?

पहाटे वाडी स्टेशन मागं पडलं आणि डब्यातली भाषा बदलली. समोरच्या बाकावरच्या बायका भराभर बोलत होत्या. शब्द ओळखीचे वाटत, पण वाक्य हाती लागेना. विकाराबाद येईपर्यंत मला एवढंच समजलं, की त्यांच्यातल्या एकीला चहा नको आहे. तेसुद्धा तिनं ‘नक्को’ म्हटलं म्हणून.

मुलीच्या घरी फार अगत्यानं स्वागत झालं. दिवाणखान्यात तख्तावर मुलीची दादी बसली होती. सलाम-दुआ झाली. खुशाली विचारता विचारता मी म्हटलं, “दादाजान दिसत नाहीत?” दादी एकदम गप्प झाली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, “उनो परसोंच गुजर गए ना. सुबूच बच्चे उनकी खबर पो फातिहा पढ को आए.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. परवा! म्हणजे घरात मौत होऊन तीन दिवससुद्धा झाले नाहीत, दादी इद्दतमध्ये आहे, आणि आम्ही रिश्त्याची बात घेऊन मिठाईसकट येऊन बसलो! आमचे हे लगेच “इन्ना लिल्लाहि” म्हणत उठले आणि अदबीनं बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी दादीचा हात धरून सब्राचे चार शब्द बोलले. आंबापोळीचा डबा काढणार होते, तो पिशवीत आणखी खाली सरकवला.

काही गोष्टी खटकत होत्या. आत स्वयंपाकघरात भांड्यांची गडबड होती, पोरं हसत-खिदळत होती, बगारा खान्याचा वास दरवळत होता. ‘खबर पो फातिहा’ हे कोडंही सुटत नव्हतं. खबरीवर फातिहा कसा पढतात? पण विचारायला जीभ रेटेना. मोठ्या शहराची रीत वेगळी असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

मुलीची अम्मी खुबानी का मीठा घेऊन आली. मी वाटी हातात घेतली नाही. अस्खलित उर्दूत म्हणाले, “ही वेळ अशा बोलण्याची नाही. आम्ही पुन्हा कधीतरी येऊ.” तिचा चेहरा खर्रकन उतरला. पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी आत निघून गेलं. ती मुलगीच असणार.

दादीनं मात्र सरळ विचारलं, “कायकू? बच्ची पसंद नईं आई क्या?”

त्या एका प्रश्नानं आमचं काम वाचवलं. मी गडबडून सांगितलं, की मुलगी तर फार पसंत आहे, पण परवाच घरात मौत झाली, तुम्ही इद्दतमध्ये, अशा वेळी आम्ही कसं बोलावं? क्षणभर खोलीत शांतता पसरली. मग मुलीचा भाऊ हसू आवरत म्हणाला, “खाला, हमारे पास परसों बोले तो कब का भी हो सकता. दादा को गुजर को बारा बरस हो गए.” सगळे हसले. व्हरांड्यातून आमचे हे परत आले तेव्हा तर आणखीच हसले. दादी तेवढी हसली नाही. ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मेरेकू तो परसोंच लगता.”

मी वाटी हातात घेतली. आंबापोळीचा डबा वर काढला.

संध्याकाळी तो मुलगा आम्हाला चारमिनारला घेऊन गेला. वाटेत यांनी एकेक शब्द विचारून घ्यायला सुरुवात केली. मास्तर आता विद्यार्थी झाले होते. ‘खबर’ म्हणजे कबर. तिथं बोलताना घशातल्या ‘क़’चा ‘ख’ होतो. जवळ असलेलं ते ‘खरीब’, आणि लग्नाची तकरीब ती ‘तखरीब’. हे थबकले, कारण पुस्तकी उर्दूत तखरीब म्हणजे विध्वंस! मी म्हटलं, “मास्तर, आपण मराठीत कीमा म्हणतो की खिमा?” ते काही बोलले नाहीत. आयुष्यभर आम्ही खिमा-पाव खाल्ला, त्या ‘ख’ला कधी कुणी हसलं नाही.

लाड बाजारात लाखेच्या बांगड्या बघताना मला आणखी गंमत कळली. शाळेतली उर्दू घेऊन ऐकत होते तोवर काही उमगत नव्हतं. मराठी कान लावला आणि दारं उघडल्यासारखं झालं. दुकानदार म्हणाला, “ऐसाच चूड़ियां तुमना होना तो हल्लू पहनो.” ‘ऐसाच’मधला ‘च’ आपला. ‘हल्लू’ म्हणजे आपलं ‘हळू’. ‘नक्को’ तर आपला ‘नको’च. “आतूं बोल को बोले” यातला ‘बोल को’ अगदी आपल्या ‘येतो म्हणून म्हणाले’मधल्या ‘म्हणून’सारखा. निरोप घेताना कोणी ‘जातूं’ म्हणत नाही, ‘जाके आतूं’ म्हणतात. आपणही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो.

हे उगाच झालेलं नाही. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा दिल्लीकडची बोली घेऊन कितीतरी माणसं दख्खनमध्ये आली. 1347 मध्ये बहमनी सल्तनत उभी राहिली. ती बोली इथं मराठी, तेलुगू, कन्नड शेजारणींबरोबर वाढली आणि दक्कनी झाली. ती काही फक्त गल्लीबोळातली भाषा नव्हती. ज्यानं 1591 मध्ये चारमिनार बांधला, त्या मुहम्मद कुली कुतुबशहानं स्वतः दक्कनीत शायरी केली. आपल्या औरंगाबादचे शायर वली 1700च्या सुमारास दिल्लीला गेले, आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना या भाषेची ताकद दिसली. आणि मराठवाडा तर 1956 पर्यंत हैदराबादशीच जोडलेला होता. ज्या बोलीला आज सिनेमात आणि नकलांमध्ये हसतात, तिच्या घरात मराठीचा वाटा आहे.

चारमिनारखाली इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट घेताना मला माझी मां आठवली. शाळेत पहिल्या दिवशी मी घरची कोकणी बोलले, तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझी नक्कल केली होती. त्या दिवसापासून मांनं शाळेच्या दारात माझ्याशी बोलणं सोडलं. मला लाज वाटू नये म्हणून ती नुसती मान हलवायची. हे मी कितीतरी वर्षं विसरून गेले होते. आणि त्याच दिवशी सकाळी, दादीचा ‘खबर’ ऐकून, माझ्याही मनात आलंच होतं, की या लोकांना साधं उर्दू धड बोलता येत नाही.

कुरआनच्या तिलावतीत प्रत्येक हर्फ जिथल्या तिथं उच्चारायला हवा, ते शिकायलाच हवं. बोलण्याचं तसं नाही. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. निशाणी समजून घ्यायची असते, तिला हसायचं नसतं. समजलं नाही तर दादीसारखं सरळ विचारावं. आम्ही अदब म्हणून गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यानं एक रिश्ता मोडता मोडता राहिला.

निकाह होऊन आता दीड वर्ष झालं, अल्हम्दुलिल्लाह. मागच्या रमजानमध्ये सून महिनाभर चिपळूणला होती. शेजारच्या बायका कोकणीत बोलू लागल्या की ती माझ्या तोंडाकडे बघायची. पहिल्या आठवड्यात माझ्या पुतण्यानं तिच्या ‘कायकू’ची नक्कल केली, तेव्हा मी त्याला बाहेर नेऊन त्याच्या आजीची, शाळेच्या दारातली गोष्ट सांगितली. त्यानंतर तो तिला कोकणी शिकवू लागला. आता ती न समजलेला शब्द बेधडक अडवून विचारते, आणि आमच्या जावा तिच्याकडून हैदराबादी शब्द घेतात.

पुण्याला परत जायला निघाली, तेव्हा उंबऱ्यात उभी राहून माझ्या नव्वदीच्या सासूला म्हणाली, “दादी, जाके आतूं.” सासूबाईंना ऐकू कमी येतं आणि उर्दू तर त्यांना कधीच आली नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “ये गो.”