ट्रॅक्टर दिला, पाना कोण देणार?

सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटाला साडेतीन लाखांच्या मर्यादेत मिनी ट्रॅक्टर मिळतो. 90 टक्के अनुदान, 10 टक्के गटाचे. वॉरंटी संपल्यावर काय?

मी काम करते त्या महिला गटाचा जुना ट्रॅक्टर थंडीत सकाळी चालूच होईना. मिस्त्री म्हणे, "घरच्या माणसाला पाठवा." ट्रॅक्टर गटाच्या नावावर, अध्यक्षा समोर उभ्या, तरीही!

मग आम्हीच बॉनेट उघडले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटते. गारठलेले इंजिन ती उष्णता शोषते, म्हणून आधी ग्लो प्लग तापवायचे. आमच्या तीनपैकी दोन जळालेले निघाले. ते बदलले, बॅटरीची टर्मिनल घासली. नवा डिझेल फिल्टर बसवल्यावर ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला. कोणीतरी ईथरचा फवारा सुचवला. तो मी मारू दिला नाही, तापलेल्या ग्लो प्लगवर तो भडकतो. दुसऱ्या पहाटे अध्यक्षांनीच चावी फिरवली. थोडा पांढरा धूर, मग इंजिन लागले.

योजनेच्या रकमेत रोटाव्हेटर बसतो, ट्रेलर बसतो. आमच्या गटाला दुरुस्तीचे शिक्षण मात्र कोणी दिले नाही. पान्यांचा सेट आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण त्याच रकमेत द्या, ही आमची मागणी आहे. तीही बायांनाच, त्यांच्या नवऱ्यांना नव्हे.