वाळूतल्या लाह्या

शहापूरला आमच्या घरी मक्याच्या लाह्या तेलात नाही, वाळूत फुटतात. दादी चुलीवर लोखंडी कढईत धुऊन चाळलेली वाळू तापवते, मूठभर मका टाकते आणि झाऱ्याने हलवत राहते. वाळू नसली तर जाडं मीठ. तडतड थांबली की चाळून घ्यायचं.

गेल्या रमजानमध्ये मुरबाडच्या चाचांनी लाह्यांचा मका पाठवला. जमिनीच्या वाटणीवरून सात वर्षं बोलणं बंद होतं. इफ्तारसाठी आम्ही थोडा कुकरमध्ये टाकला. निम्मे दाणे तसेच राहिले. "जुना माल पाठवलाय," आम्ही म्हणालो.

दादी काही बोलली नाही. उरलेल्या मक्यावर तिने चमचाभर पाणी शिंपडलं आणि बरणी घट्ट बंद करून तीन दिवस रोज हलवली. चांगल्या दाण्यात शेकडा १४ भाग ओल असते. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्याच वाफेने टरफल फुटतं. ओल उडाली की दाणा फुटत नाही.

चौथ्या दिवशी कढई भरून लाह्या झाल्या. "दाणा वाईट नव्हता, कोरडा पडला होता," दादी म्हणाली.

ईदच्या नमाजनंतर लाह्यांचा डबा घेऊन आम्ही मुरबाडला गेलो. दार चाचांनीच उघडलं.