पासष्ट टक्के सूट आणि माझा जुना लॅपटॉप



आज पाठ शेकडेवारीचाच आहे, पण उदाहरण घरातलं आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे आठवडाभर एकच विषय चालू होता : वर्कस्टेशन घ्यायचं की नाही?

आम्ही मार्केट यार्डात राहतो. ओळखीच्या एका गृहस्थांचं इथेच जवळ डिझाइनचं ऑफिस होतं. ते गावी परत चालले आहेत, म्हणून सामान काढत होते. त्यांनी ह्यांना सांगितलं, "वहिनी व्हिडिओ बनवतात ना? माझं मशीन घेऊन जा. नवीन घेतलं तेव्हा १,६०,००० ला पडलं होतं, तुम्हाला ५६,००० ला देतो."

म्हणजे सूट १,०४,००० रुपयांची. बरोबर ६५ टक्के. हे तर आनंदाने घरी सांगत आले, "अगं, लाखभर रुपये वाचतायत!"

वाचतायत? मला तिथेच जरा थांबावंसं वाटलं.

वर्कस्टेशन म्हणजे नेमकं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिसायला हा मोठा डेस्कटॉपच असतो, पण बनवलेला असतो दिवसभराच्या जड कामासाठी. इमारतींची थ्रीडी चित्रं, यंत्रांची ड्रॉइंग, मोठे व्हिडिओ अशी कामं. ह्या मशीनमध्ये इंटेलचा झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम आणि क्वाड्रो ग्राफिक कार्ड होतं. रॅमसुद्धा ईसीसी प्रकारची, म्हणजे साठवलेल्या माहितीत एखादा अंक बदलला तर तो ओळखून स्वतःच दुरुस्त करणारी. पुलाचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरला हे लागतंच. पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायला किती लागतं, हा प्रश्न होता.

मला मोह झाला नाही असं नाही. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे, ४ जीबी रॅमचा. सकाळी सुरू केला की चहा होईपर्यंत तो उठत नाही. भिशीचे ६०,००० नुकतेच हातात आले होते. एक मैत्रीण म्हणाली, "घेऊन टाक, चॅनल काढ, ऑनलाइन क्लास घे, वर्षात पैसे वसूल." पण त्याच भिशीतून सासऱ्यांच्या कानाचं मशीन आणायचं असं आम्ही दिवाळीपासून म्हणत होतो. आण्णांनी यार्डात चौतीस वर्षं हमाली केली. आता समोरून बोललेलंही त्यांना नीट ऐकू येत नाही. विचारलं की म्हणतात, "माझं काय अडलंय? आधी तुझं घे."

त्यामुळे मनाला वाटेल ते करून चालणार नव्हतं. मी वही काढली.

आधी काम मोजलं

सहा मिनिटांच्या एका व्हिडिओला माझा किती वेळ जातो ते लिहिलं. पाठ लिहायला ९० मिनिटं, चित्रं आणि कार्ड करायला ६०, रेकॉर्डिंगला ६०, एडिटिंगला ६०, आणि शेवटी लॅपटॉप व्हिडिओ तयार करून देतो त्याला ४०. एकूण ३१० मिनिटं.

मग माझाच व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले आणि त्या मशीनवर करून पाहिला. सहा मिनिटांत तयार! खोटं कशाला बोलू, बघताना छान वाटलं. पण घरी येऊन हिशोब मांडला. ४० च्या जागी ६, म्हणजे ३४ मिनिटं वाचली. ३१० मधली ३४ म्हणजे साधारण ११ टक्के. आणि ती चाळीस मिनिटं मी काही स्क्रीनकडे बघत बसत नाही, तेवढ्यात वह्या तपासून होतात.

किमतीवर सूट ६५ टक्के आणि माझ्या कामात फायदा ११ टक्के. पहिला आकडा विकणाऱ्याने सांगितला, दुसरा मलाच काढावा लागला.

रेकॉर्डिंगला तासभर का लागतो? कारण आमच्या गल्लीतून टेम्पो सतत जात-येत असतात. हॉर्न वाजला की वाक्य पुन्हा. ह्यावर झिऑनकडे काही उपाय नाही.

मग मुलांचं टोक बघितलं

माझ्या वर्गात २८ मुलं आहेत. पालकांमध्ये हमाल आहेत, तोलणार आहेत, भाजी विकणाऱ्या आया आहेत, टेम्पो चालवणारे आहेत. वर्गात विचारलं तर १९ घरांत एकच स्मार्टफोन निघाला, आणि तो पहाटे वडिलांबरोबर यार्डात जातो. मूल माझा व्हिडिओ बघतं रात्री आठनंतर, तोही डेटा उरला असेल तर. म्हणून मी प्रत्येक व्हिडिओ १५ एमबीच्या आत बसवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.

आता सांगा, ते मशीन फोर-के व्हिडिओ सहज बनवेल, पण हाताएवढ्या, तडा गेलेल्या स्क्रीनवर तो बघणार कोण? पालकांना विचारलं, "व्हिडिओत काय सुधारू?" चित्र स्वच्छ हवं असं कोणीच म्हणालं नाही. सात-आठ जणांनी एकच सांगितलं, "बाई, आवाज बारीक येतो."

त्यानंतरचा खर्च

आपल्याकडे म्हणतातच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वीज : चालू असताना सरासरी २०० वॉट धरले आणि रोज पाच तास वापर, तर १,००० वॉट-तास, म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला ३०. लॅपटॉपचे ५० वॉट धरले तर महिन्याला साडेसात. आमचं बिल १०० युनिटच्या काठावर असतं. त्यापुढची युनिटं वरच्या टप्प्याच्या दराने लागतात.

यूपीएस : घरातला छोटा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. मशीन आणि मॉनिटर मिळून जोरात चालले की तो अपुरा. म्हणजे नवीन यूपीएस आला.

विंडोज : प्रोसेसर २०१६ सालच्या पिढीचा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी प्रोसेसरची यादी दिली आहे त्यात तो बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स चालेल, छान चालेल, पण सवयीची सगळी सॉफ्टवेअर बदलावी लागतील.

आणखी एक. कॉम्प्युटर म्हणजे सोनं नव्हे. १९९१ मध्ये आपल्याच पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक बनवला, तेव्हा देशाने त्याचा अभिमान बाळगला आणि तो योग्यच होता. पण आज आपल्या खिशातला साधा फोन वेगात त्याच्या पुढे आहे. त्यामुळे "नवीन घेतलं तेव्हा किती पडलं होतं" हा आकडा आज माझ्या फारसा उपयोगाचा नाही. आज ते मशीन माझं कुठलं काम करणार, एवढंच बघायचं.

आण्णांना हे सगळं कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. यार्डातल्या माणसाला यार्डातलंच सुचणार. म्हणाले, "चार क्रेट टोमॅटो न्यायचे तर छोटा हत्ती बास. दहा टायरचा ट्रक स्वस्तात मिळाला तरी डिझेल कोण घालणार, आणि उभा कुठं करणार?"

मग काय केलं?

वर्कस्टेशन घेतलं नाही. त्या गृहस्थांना फोन करून नीट सांगितलं. त्यांना दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक मिळालं, आर्किटेक्चर शिकणारा एक मुलगा. त्याच्यासाठी तो सौदा खरंच चांगला आहे, कारण त्याचं काम तासन् तास रेंडरिंगवरच अडतं.

लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून बघितलं होतं. रॅम भरलेली आणि हार्डडिस्क १०० टक्क्यांवर. दुखणं तिथे होतं. तापकीर गल्लीत नेऊन रॅम ८ जीबी केली, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली. मजुरीसह ५,२०० रुपये. कॉलरला लावायचा माइक ९०० रुपयांचा. एकूण ६,१००. आता लॅपटॉप पाऊण मिनिटात सुरू होतो, ४० मिनिटांचं काम २२ मिनिटांत होतं, आणि आवाजाची तक्रार थांबली. भिशीतले बाकीचे पैसे आण्णांच्या कानाच्या मशीनसाठी बाजूला ठेवले. तपासणीची तारीख घेतली आहे.

एक गोष्ट मुख्याध्यापकांना आणि शाळा समितीला मुद्दाम सांगते. शाळेसाठी असं मशीन मिळालं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. लिनक्समध्ये एका ताकदवान मशीनवर दहा-बारा जुने कॉम्प्युटर जोडून सगळी लॅब चालवता येते. जड काम मोठं मशीन करतं, जुने कॉम्प्युटर नुसता पडदा आणि कीबोर्ड देतात. तिथे ६४ जीबी रॅम कामाला येते. केरळमध्ये २००१ साली आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तिथल्या शाळांनी मोफत, खुल्या सॉफ्टवेअरचाच रस्ता धरला. आपल्यालाही त्यातून शिकण्यासारखं आहे. फक्त ते सांभाळणारा एक तरी शिक्षक शाळेत हवा.

वर्गात घेण्यासारखं

हाच हिशोब मी शिष्यवृत्तीच्या तासाला फळ्यावर मांडला, नावं न सांगता. आपल्या पुस्तकी उदाहरणात आपण विचारतो, "सूट किती मिळाली?" मुलांनी १,०४,००० पटकन काढलं. मग मी विचारलं, "घरातून पैसे किती गेले?" वर्ग एकदम शांत. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिची आई रोज पहाटे यार्डातून भाजी उचलते, म्हणाली, "छप्पन्न हजार गेले की बाई! आई म्हणती, विकलं जाणार असंल तरच पोतं घ्यायचं."

तुमच्या वर्गासाठी तीन प्रश्न देते. शाळेतच नव्हे, घरीही सोडवायला हरकत नाही.

१. १,६०,००० रुपयांची वस्तू ५६,००० ला मिळाली. सूट किती? शेकडा किती? आणि घरातून पैसे किती गेले?

२. २०० वॉटचं यंत्र रोज ५ तास चालतं. ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल? घरचं बिल आणून त्या दराने रक्कम काढा.

३. तुमच्या घरात सूट आहे म्हणून आणलेली एक वस्तू शोधा. गेल्या महिन्यात ती किती दिवस वापरली? ३० दिवसांत शेकडा किती?

तिसऱ्या प्रश्नाला पालकांनीही मुलांबरोबर बसावं. आमच्या घरी उत्तर निघालं शून्य टक्के. वस्तू होती ज्यूसर, आणि ह्यांनी तो त्याच दिवशी माळ्यावरून खाली काढला.