गोठ्यावरचा कॅमेरा वायफायला का जोडत नव्हता



या वेळची नोंद पिकाची नाही, गोठ्यावरच्या कॅमेऱ्याची आहे. आमच्या शिवारात मळ्यात राहणाऱ्या बऱ्याच घरांवर आता कॅमेरा दिसतो. त्यातले कित्येक नुसते लटकलेले आहेत. विचारलं की एकच उत्तर, "वायफायला जोडतच नाही." कुणी तो काढून पोत्यात टाकला, कुणी दुसरा आणला, आणि दुसऱ्यानंही तेच केलं.

आमच्याकडे हा विषय हौसेचा नाही. निफाड-सिन्नरच्या पट्ट्यात ऊस आणि मका वाढला की बिबट्याची ये-जा असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सौ. पहाटे साडेचारला धारा काढायला उठते. घरापासून गोठा ८० फुटांवर, आणि मध्ये मुरघासाच्या मक्याचा पट्टा. दाराची कडी काढायच्या आधी ती मोबाइलवर गोठा बघते, मगच पाऊल बाहेर टाकते. श्रावणात शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली. दोन दिवसांनी आमच्या बांधावर ओल्या मातीत ठसे दिसले. आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा कॅमेरा बंद.

झालं असं की विजेच्या कडकडाटात जुना राउटर जळाला. नेटवाल्यांनी नवीन बसवून दिला. घरातले सगळे मोबाइल लगेच चालू झाले, टीव्ही चालू झाला, फक्त कॅमेरा काही जोडेना. कॅमेरा बसवणारा मुलगा आला, खांबाखाली उभा राहून पाच मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, "काका, हा गेला. नवीन घ्या."

आता मोटारीनं पाणी उचललं नाही तर आपण लगेच मोटार बदलतो का? आधी लाइट बघतो, तिन्ही फेज आहेत का बघतो. मग स्टार्टर, मग केबल, मग फूटव्हॉल्व्ह. एकेक करत पुढं जातो. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. त्याला वीज लागते, जोडून देणारा मोबाइल लागतो, राउटर लागतो आणि मधली वाट मोकळी लागते. या चारांपैकी एक जरी अडलं तरी मोबाइलवर एकच अक्षर दिसतं, ऑफलाइन. काय अडलंय ते तो सांगत नाही. ते आपणच शोधायचं.

पहिलं काम: कॅमेरा खाली उतरवा

खांबावर चढून, मोबाइल हातात धरून जोडत बसू नका. कॅमेरा काढा, त्याचाच अडॅप्टर घ्या आणि घरात राउटरपासून पाच-सहा फुटांवर लावा. इथं जोडला तर कॅमेरा चांगला आहे, दोष वायरीत किंवा अंतरात. इथंही जोडला नाही तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये, मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात. एवढ्या एका कामात अर्धी शोधाशोध वाचते.

आमचा राउटरशेजारी पण जोडेना. म्हणून पुतण्याला फोन लावला. तो पुण्याला नोकरीला आहे. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "आप्पा, नवीन राउटर दोन बँडचा आहे का?"

नव्या राउटरमधून दोन प्रकारचं वायफाय निघतं. एक २.४ गिगाहर्ट्झचं, दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. २.४ म्हणजे बैलगाडी समजा. वेग कमी, पण लांब जाते, भिंतीतून, अडचणीतून वाट काढते. ५ म्हणजे मोटारसायकल. जोरात पळते, पण चिखल आला की थांबते. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांना फक्त २.४ समजतं. आमच्या जुन्या राउटरला तेवढंच होतं म्हणून कधी प्रश्न आला नाही. नव्यात दोन्ही होती आणि दोन्हींचं नाव एकच. मोबाइल ५ वर बसायचा आणि कॅमेरा २.४ शोधत राहायचा.

राउटरच्या मागं स्टिकर असतो. त्यावर त्याचा पत्ता, नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो. पुतण्यानं फोनवर सांगितलं तसं तो पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकून आत गेलो. दोन्ही बँडना वेगळी नावं दिली. २.४ चं नाव ठेवलं 'गोठा'. मोबाइल 'गोठा'वर घेतला, कॅमेरा रिसेट केला आणि पुन्हा जोडला. दुसऱ्या मिनिटाला चित्र आलं.

आमचं इथं सुटलं. तुमचं सुटलं नाही तर जोडताना आणखी या गोष्टी बघा:

– पासवर्डमधलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर आणि मधली रिकामी जागा तपासा. वायफायचं नाव मराठीत किंवा चित्रं टाकून ठेवलं असेल तर साधं इंग्रजी नाव ठेवा. काही कॅमेऱ्यांना बाकीचं वाचता येत नाही.
– ॲपला लोकेशनची परवानगी द्या. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ती नसेल तर ॲपला आजूबाजूचं वायफाय दिसत नाही.
– जोडणी होईपर्यंत मोबाइलचा डेटा बंद ठेवा. काही कॅमेरे जोडताना स्वतःचं छोटं वायफाय सोडतात. त्यात इंटरनेट नसतं म्हणून मोबाइल ते सोडून परत डेटावर जातो.
– क्यूआर कोड दाखवायचा असेल तर मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवा, काचेवरची धूळ पुसा आणि मोबाइल वीतभर अंतरावर स्थिर धरा.
– राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर जुना कॅमेरा नाकारला जाऊ शकतो. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही चालतील असा पर्याय ठेवा.
– रिसेट म्हणजे स्विच बंद-चालू करणं नव्हे. बारीक छिद्रात पिन घालून किंवा बटण दाबून पाच-दहा सेकंद धरायचं, दिवा लुकलुकेपर्यंत किंवा आवाज येईपर्यंत.

एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. एकाच वाफ्यात बियाणंही बदललं आणि खतही बदललं तर उत्पन्न कशानं वाढलं हे कळत नाही. इथंही तसंच.

दुसरं दुखणं: दिवसा चालू, रात्री बंद

कॅमेरा परत खांबावर लावला. दिवसभर छान चालला. रात्री आठला बघतो तर ऑफलाइन. सकाळी उजाडलं, आपोआप चालू. दुसऱ्या रात्री तेच. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच गायब.

सौ. म्हणाली, "अहो, अंधार पडला की हा जातो. आणि जायच्या आधी टक्-टक् वाजतो." धारा काढताना ती त्याच्या खालीच बसलेली असते, म्हणून तिच्या कानावर आलं.

यातच सगळं होतं. अंधार पडला की कॅमेरा आतली एक काच सरकवतो, त्याचा टक् आवाज येतो. मग त्याचे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. ते लागले की त्याला दिवसापेक्षा बरीच जास्त वीज लागते. एकदा टक् होणं ठीक आहे. पण सारखं टक्-टक् म्हणजे तो बंद पडून पुन्हा चालू होतोय.

खात्रीसाठी मेमरी कार्ड काढून बघितलं. आमच्या कॅमेऱ्यात सलग रेकॉर्डिंग लावलेलं आहे. कॅमेरा ऑफलाइन असतानाचं चित्र कार्डात सापडलं, तर वीज आहे आणि फक्त नेट तुटलंय. कार्डातही तेवढा वेळ रिकामा असेल, तर कॅमेऱ्याची वीजच जातेय. आमच्या कार्डात संध्याकाळी सव्वासातपासून नुसते तुकडे होते, आठनंतर काहीच नाही. म्हणजे वायफायला दोष देण्यात अर्थ नव्हता.

स्टार्टरसाठीचा मल्टिमीटर घरात असतोच. अडॅप्टर १२ व्होल्टचा, घरात इन्व्हर्टरवर लावलेला. तिथून गोठ्यापर्यंत बसवणाऱ्या मुलानं बारीक वायर ओढली होती. घराच्या टोकाला मीटर बरोबर १२ दाखवत होता. कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा ११ च्या आसपास. मग रात्रीची वाट न बघता भर दुपारी कॅमेऱ्यावर गोणपाट टाकलं. त्याला वाटलं रात्र झाली. टक् वाजलं, दिवे लागले आणि मीटर साडेनऊच्याही खाली गेला. कॅमेरा बंद.

लांबच्या विहिरीला बारीक केबल टाकली की मोटार गरम होते आणि उचलत नाही, ते आपल्याला पाठ आहे. इथंही तोच व्होल्टेज ड्रॉप. मोटारीला २३० किंवा ४१५ व्होल्ट असतात म्हणून दोन-तीन व्होल्ट गेले तर समजत नाही. १२ मधून अडीच-तीन गेले की खेळ खलास.

घरात सबमर्सिबलच्या जुन्या केबलचा तुकडा पडून होता, २.५ स्क्वेअर एमएमचा. त्यातल्या दोन तारा वापरल्या. परत गोणपाट टाकून बघितलं. मीटर साडेअकराच्या खाली आला नाही. खर्च शून्य. त्या रात्रीपासून कॅमेरा रात्री बंद पडला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अडॅप्टरच गोठ्यात कॅमेऱ्याजवळ डबीत बसवायचा आणि तिथल्या बल्बच्या लाइनीवर लावायचा. पण मग गोठ्यातली लाइट गेली की कॅमेरा गेला. शेतीपंपाच्या लाइनीवर कॅमेरा असेल तर हे आधी बघा. तीन फेजचा आपला वेळ संपला की त्याचं काय होतं? आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे का? राउटर बंद तर कॅमेरा चालू असून मोबाइलवर काही दिसायचं नाही.

तिसरं दुखणं: मका वाढला

एवढं करूनही मध्येच चित्र अडकायचं. पावसानंतर जास्त. जूनमध्ये मका वीतभर होता तेव्हा हा त्रास नव्हता. आता तुरा आला होता, माणूस दिसेना इतका मका.

वायफायला पाणी चालत नाही. हिरव्या पानात पाणी, ओल्या पानावर आणखी पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं. लोखंडी पत्रा त्या परतवून लावतो. आमचा राउटर मधल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागं, पुढं मक्याचा पट्टा आणि कॅमेरा गोठ्याच्या पत्र्याखाली आत. तिन्ही अडथळे एका रांगेत.

सिग्नल मोजायचं फुकटचं ॲप मिळतं. त्यात उणे आकडा येतो. उणे ६० च्या आसपास चांगला, उणे ७० ला काम कसंबसं चालतं, उणे ८० म्हणजे आशा सोडा. आकडा शून्याकडे जाईल तेवढं बरं. गोठ्यात उणे ७८ येत होता. राउटर पडवीच्या खिडकीत उंचावर आणला आणि कॅमेरा पत्र्याच्या बाहेर कडेला घेतला. आकडा उणे ६६ वर आला. चित्र अडकायचं थांबलं.

अंतर याहून जास्त असेल तर राउटर हलवून भागणार नाही. ३०० फुटांपर्यंत लॅन केबल टाकता येते, तिला पिकाचा त्रास नाही. विहीर त्याहून लांब असेल आणि तिथं मोबाइलची रेंज असेल तर सिमकार्डचा ४जी कॅमेरा बरा. उगाच वायफाय ओढत बसू नका.

शेवटचं, पण महत्त्वाचं

कॅमेरा बिबट्याला अडवत नाही. तो फक्त सांगतो. गोठ्याला जाळी, बाहेर उजेड आणि अंधारात एकट्यानं पिकात न जाणं, हे त्याच्या आधी. कॅमेरा दुरुस्तीचं कामही दिवसाच करा. रात्री बंद दिसला म्हणून बॅटरी घेऊन खांबापर्यंत जाऊ नका. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवा. व्हिडिओ गावाच्या नावासकट फिरवू नका. गर्दी जमते, जनावर बिथरतं आणि मग माणसाला धोका.

कॅमेरा जोडला गेला की त्याचा आलेला पासवर्ड बदला. आपला गोठा आणि अंगण दुसऱ्या कुणी बघायचं कारण नाही.

आता सौ. पहाटे मोबाइल बघते, गायी बसलेल्या दिसतात, मग कडी काढते. परवा म्हणाली, "मका कापल्यावर बघा, अजून साफ दिसेल." मुरघासाची कापणी आठ-दहा दिवसांवर आली आहे. दाणा अर्धा दुधाळ, अर्धा पिठाळ झाला की कापायचा. पुढच्या नोंदीत त्याचंच लिहीन, यंदा किती टन पडला आणि खड्डा कसा दाबला ते.

तुमच्याकडे कॅमेरा बंद पडला असेल आणि कारण यातलं नसेल, तर तुम्ही काय शोधलं ते जरूर सांगा. मी वहीत लिहून ठेवतो, पुढच्याला उपयोगी पडेल.