पितरांचा डोंगर

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त हाँगकाँग येथें राहतात. २०२४ सालच्या वसंतांत आमचा मुक्काम त्यांजकडे होता. एप्रिलच्या ४ तारखेस शहरास सुटी होती. तरी सकाळपासून बसगाड्यांसाठीं माणसांच्या लांबच लांब रांगा! कोणाच्या हातीं विळा, कोणाच्या हातीं केरसुणी, तर कोणाजवळ फुलें आणि रंगाची डबी. चौकशी करितां कळलें कीं, आज चिंगमिंग, म्हणजे चिनी लोकांचा पितृस्मरणाचा दिवस. शेजारच्या चिनी कुटुंबानें अगत्यानें बोलाविलें, तेव्हां आम्ही चिरंजीव व नातू यांसह त्यांच्याबरोबर निघालों.

वाटेंत त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनीं इंग्रजींत बरीच माहिती सांगितली. या सणाचें गणित चंद्राच्या तिथीवर नसून सूर्याच्या गतीवर आहे. चिनी पंचांगांत सौर वर्षाचे चोवीस भाग असतात. त्यांतील चिंगमिंग वसंतसंपातानंतर सुमारें पंधरा दिवसांनीं, म्हणजे ४ ते ६ एप्रिलच्या दरम्यान येतो. ‘निर्मळ व उज्ज्वल’ असा या नांवाचा अर्थ. आपला पितृपक्ष भाद्रपदाच्या वद्य पक्षांत. यांचें पितृस्मरण मात्र नवें गवत उगवतें त्या ऋतूंत. याला लागूनच पूर्वीं ‘थंड अन्ना’चा सण असे व त्या दिवशीं चूल पेटवीत नसत. त्या सणास थडग्यांवर जाण्याच्या लोकरूढीला इ. स. ७३२ मध्यें तांग घराण्याच्या बादशहानें राजमान्यता दिली. चीनच्या मुख्य भूमीवर चिंगमिंगची सार्वजनिक सुटी मात्र २००८ पासून मिळूं लागली.

अॅबर्डीन येथील दफनभूमि १९१५ सालची. डोंगराच्या उतारावर थडग्यांच्या पायऱ्यांमागून पायऱ्या, आणि खालीं समुद्र. पाठीशीं डोंगर व पुढें पाणी असलेली जागा पितरांस सुखाची, अशी त्यांची श्रद्धा. तेथील बोलींत या यात्रेस ‘डोंगराची पूजा’ असेंच म्हणतात.

मंडळींनीं प्रथम गवत कापलें, जागा झाडली व शिळा धुतली. नंतर एका लहान मुलीनें कुंचला घेऊन पणजोबांच्या नांवाचीं पुसट झालेलीं अक्षरें तांबड्या रंगानें भरलीं. उदबत्त्या लागल्या, फळें, भाजलेलें डुकराचें मांस व मद्याचे लहान पेले मांडले गेले. कागदी नाणीं व वस्त्रें जाळलीं; त्यांत कागदाचा एक दूरध्वनिही होता! लहानथोरांनीं तीन तीन वेळां वांकून वंदन केलें आणि मग तेथेंच फराळास बसले. आमचा आचार जाणून त्यांनीं आम्हांस संत्रीं दिलीं. रडणें नाहीं, सुतक नाहीं. जणूं आजोळचें वनभोजनच.

इतक्यांत नातवानें विचारलें, “आजोबा, आपल्या पणजोबांचा दगड कोठें आहे?”

आम्हीं सांगितलें, “बाळ, आपल्यांत दहन करितात. अस्थि नदीस मिळतात. मागें राहतें तें नांव. तें तर्पणाच्या वेळीं घ्यावयाचें.”

“मग सांगा ना नांवें.”

आम्हीं चिरंजीवांकडे पाहिलें. पणजोबांपर्यंतचीं नांवें त्यांनीं कशीबशीं सांगितलीं, आजीचें सांगितलें, पणजीचें कांहीं केल्या आठवेना. चाळीस वर्षें परक्यांच्या मुलांकडून आम्हीं शब्दरूपें पाठ करवून घेतलीं. घरच्या मुलास हीं सहा नांवें कधीं पाठ दिलीं नाहींत. दोष कोणाचा तें उघड होतें.

आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस म्हटलें, “तुमचें बरें आहे. तुमचें नांव दगडावर कोरलेलें आहे.”

ते हंसले. म्हणाले, “ही जागा कायमची घेतलेली आहे म्हणून राहिली. सरकारी दफनभूमींत सहा वर्षांनीं अस्थि उकरून काढाव्या लागतात. जागा नाहीं, आतां शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक दहनच करितात व भिंतींतल्या कोनाड्यांत रक्षा ठेवितात. आणि दगडावरचा रंगही पावसानें उडतोच. पुढल्या वर्षीं हिलाच पुन्हां तो भरावा लागेल.” असें म्हणून त्यांनीं नातीच्या तांबड्या झालेल्या बोटांकडे पाहिलें.

त्या रात्रीं आम्हीं नातवाच्या वहींत गोत्रासह सहाही नांवें त्याच्याकडून लिहून घेतलीं. चिरंजीवही शेजारीं येऊन बसले. पाठ म्हणतां म्हणतां मुलगा पणजीच्या नांवाशीं अडखळला. आम्ही सांगणार, तोंच चिरंजीवांनीं तें सांगितलें.